टंबलर: नाव सार्थ केलंय पठ्ठ्यानं

आधी निकाल सांगून टाकतो. सव्वा लिटरचा स्टीलचा व्हॅक्यूम टंबलर, बाजूला दांडा, झाकणात स्ट्रॉ, रंग मोरपंखी, किंमत १,८९९ रुपये. पाणी गार ठेवण्यात एक नंबर. चहाला बेताचा. आणि पडण्यात पटाईत. ज्यांच्याकडं चारचाकी आहे आणि तिच्यात कप ठेवायची गोल खोबण आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. बाकीच्यांनी खालचं वाचून ठरवावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच साच्यातला हा माल आता दहा नावांनी विकतात. बुडाखालचा ठसा सोडला तर एकातून दुसरा ओळखायचा नाही.

माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनचं, वर्कशॉप आहे. डॉक्टरांनी पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं आणि थोरल्या लेकीनं हा मागवून दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘टंबलर’. मी म्हटलं, अगं हे टंबलर कसलं, टंबलर तर माझ्या मशीनला आहे.

खोटं नाही. आयटीआयला टर्नर ट्रेड केलेल्या कुणालाही विचारा. लेथच्या हेडस्टॉकच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या डावीकडच्या पेटीच्या, डाव्या अंगाचं कव्हर उघडलं की एका हलत्या ब्रॅकेटवर दोन बारके गिअर दिसतात. ते टंबलर गिअर. हँडल एका बाजूला टाकलं की दोनातला एकच मधे लागतो, दुसऱ्या बाजूला टाकलं की दोन्ही लागतात. त्यामुळं लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू, एकदा सुलटा फिरतो, एकदा उलटा. मधल्या खाचेत ठेवलं की ते गिअर नुसते लोंबकळतात. उजवे आटे पाडायचे की डावे, ते ह्या टंबलरवर ठरतं. पुढं अमेरिकेत नॉर्टन नावाच्या माणसानं लेथचे गिअर झटपट बदलायच्या पेटीचं पेटंट घेतलं, त्यातही हात धरून सरकवायचा तो टंबलरच. ते साल १८९२.

थोरली विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम. ए. करतेय. तिनं जाडजूड डिक्शनरी काढली आणि बसलो आम्ही दोघं जेवण झाल्यावर. पुढचं निम्मं तिचं आणि निम्मं माझं आहे.

इंग्रजीत ‘टंबल’ म्हणजे गडगडणं, कोलांटी खाणं. जुन्या इंग्रजीत ‘टुंबियन’ असं क्रियापद होतं, त्याचा अर्थ नाचणं, उड्या मारणं. जर्मनांचं ‘टाउमेल्न’, म्हणजे झोकांड्या खाणं, आणि फ्रेंचांचं ‘टोंबे’, म्हणजे पडणं, ही त्याच भावकीतली. त्यावरून टंबलर म्हणजे पहिल्यांदा माणूसच, जत्रेत कोलांटउड्या मारून दाखवणारा. चौदाव्या शतकापासून ह्या अर्थानं तो शब्द सापडतो. मग हवेत उलट्या गिरक्या घेणाऱ्या कबुतरांना तेच नाव पडलं. आमच्या पेठेतल्या कबुतरबाजांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडचं लोटन, जे हलवून खाली सोडलं की जमिनीवरच लोळण घेतं, त्याला इंग्रज शौकीन ‘ग्राउंड टंबलर’ म्हणतात. कुलपाच्या आत जे तुकडे किल्ली लावल्यावर उचलले जातात तेही टंबलर. आणि फौंड्रीत छोट्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, कडेला राहिलेली बर काढायला ज्या पिंपात घालून ती गरागरा फिरवतात, ते टंबलिंग बॅरल. सगळीकडं एकच गोष्ट: काहीतरी उलटंपालटं होतंय.

पाणी प्यायच्या भांड्याला हे नाव सतराव्या शतकात, १६६० च्या सुमाराला लागलेलं दिसतं. आता सरळ उभं राहणाऱ्या पेल्याला कोलांटी मारणाऱ्याचं नाव कशाला? तर तेव्हाचा टंबलर सरळ उभा राहायचाच नाही. त्याचं बूड गोल असायचं, नाहीतर निमुळतं. मेजावर ठेवला की कलंडणार. म्हणून भरलेला पेला हातात घेतला की रिकामा होईपर्यंत खाली ठेवायचा नाही. पिणाऱ्याला विश्रांती नाही. (हे कुणाच्या सोयीचं होतं, ते आपल्याकडच्या बार चालवणाऱ्यांना विचारा.) घोड्यावर बसलेल्याला निघता निघता जो घोट देत त्याच्यासाठीही इंग्रजांकडं पुढं असलाच बिनबुडाचा पेला होता, कोल्ह्याच्या तोंडाच्या आकाराचा. घोड्यावर बसल्या बसल्या ठेवणार कुठं? प्यायचा आणि परत द्यायचा.

हे एक झालं. पण थोरलीनं दुसरंही वाचून दाखवलं. चांदीचे टंबलर कप असायचे, बुटके, बूड गोल पण जाड. सोनार पत्रा ठोकून वाडगा उठवताना बुडाला मुद्दाम धातू राखून ठेवायचा. असला कप कलला तरी आपला आपण सरळ होतो. तंजावरच्या बाहुलीला धक्का दिला की ती डुलते आणि पुन्हा उभी राहते, तसाच.

म्हणजे एक म्हणतो, टंबलर म्हणजे पडणारा. दुसरा म्हणतो, टंबलर म्हणजे पडून उठणारा. थोरलीचं म्हणणं, डिक्शनरीवाले पहिल्याच्या बाजूचे. मी म्हटलं, डिक्शनरीवाल्यांनी लेथ चालवलाय का? उद्या करूनच बघू.

पितळेच्या ७५ मिलिमीटरच्या राउंड बारचे दोन तुकडे पडून होते. एक लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरला. बाहेरचा गोल दोन्ही हातांनी क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड, म्हणजे हत्यार सरकवायची दोन हँडलं, फिरवत, पत्र्याचं टेम्प्लेट लावून लावून उतरवला. आतून बोअर केला, भिंत २ मिलिमीटर आणि बूड मात्र १० मिलिमीटर ठेवलं. उंची ६५ च्या आसपास. वजन भरलं चारशे ग्रॅम, म्हणजे हातात घेतला की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. दुसरा तसाच गोल बुडाचा, पण उंच आणि बूडही भिंतीएवढंच पातळ.

सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, दोन्ही ठेवले. उंच पातळ बुडाचा हात काढला की आडवा, क्षणभरसुद्धा थांबला नाही. बुटका जाड बुडाचा ढकलला, पार कड टेकेपर्यंत कलवला आणि सोडला. दोन-चार वेळा डुलला, उभा. पाणी भरून बघितलं, तरी उभा. भरलेला असताना जोरात कलवला तर पाणी सांडतं हे खरं, पण कप आडवा पडत नाही. कारण साधं आहे. गोलाचा मध्य जिथं आहे त्याच्या खाली सगळ्या वजनाचा मध्य ठेवला की वस्तू पडूच शकत नाही. कलवलं की वजन वर उचललं जातं, आणि वजनाला खाली यायचं असतं. उंच कपात वजनाचा मध्य वर गेला की खेळ खल्लास.

तेव्हा माझं मत असं, की दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. काचेच्या टंबलरला फुंकून फुंकून भिंती पातळ येणार, तो उंच असला की पडणार. चांदीच्या टंबलरला सोनार बुडाशी माल ठेवणार, तो उठणार. नाव एकच, कारखाने दोन. थोरलीनं वहीत लिहून घेतलं, पण ‘हे बाबांचं मत’ असं शेजारी लिहिलं, हेही मी बघितलं.

पुढं कधीतरी टंबलरला सपाट बूड आलं, गोल बूड गेलं, नाव राहिलं. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? तांब्या तांब्याचा नाही, स्टीलचा आहे. ग्लास म्हणजे काच, आणि आपण ‘स्टीलचा ग्लास दे’ म्हणतो. उडपी हॉटेलात कॉफीबरोबर वाटीत येतो तो टंबलरही सपाट बुडाचाच. हरकत काही नाही. पण मग निदान उभं तरी राहा की राव.

आता मोरपंखीकडं येतो. मापं घ्यायला व्हर्निअर लावला. बुडाचा व्यास ७२ मिलिमीटर, तोंडाचा ९९, उंची झाकणापर्यंत २५०, वर स्ट्रॉ. खाली बारीक, वर जाड. हे असं का, तर गाडीतल्या खोबणीत खालचा भाग बसला पाहिजे आणि पाणी तर सव्वा लिटर मावलं पाहिजे. मग पाणी जाणार कुठं, वरच. आपलं फुलपात्रही खाली अरुंद, वर पसरट असतं, पण ते बोटभर उंच. हे वीतभर.

एका फळीवर पॉलिश पेपर चिकटवला, घसरू नये म्हणून. त्यावर टंबलर ठेवला आणि फळी एका बाजूनं स्क्रू जॅकनं हळूहळू उचलत गेलो, बाजूला अंश मोजायला बेव्हल प्रोट्रॅक्टर. तोंडापर्यंत भरलेला टंबलर १५ अंश व्हायच्या आत गेला. रिकामाही १५ च्या आसपासच, कारण झाकण आणि दांड्याचं वजन वर. तळाला एक तृतीयांश पाणी असताना मात्र १९ पर्यंत टिकला. दांड्याच्या बाजूला कलवला की दोन-एक अंश आणखी लवकर. आमच्या आईचा जुना पितळी पेला त्याच फळीवर ३० च्या वर गेल्यावर पडला. गोल बुडाच्या कपाचं मोजमापच घेता आलं नाही. फळी उचलली तसा तो गडगडत खाली आला आणि जमिनीवर जाऊन उभा राहिला. हेल्पर पोरगं म्हणालं, “मालक, ह्योच इका की ऑनलाइन.”

म्हणजे बघा, जुना टंबलर भरलेला असताना ठेवता येत नव्हता, आणि हा नवाही भरलेला असताना पटकन पडतो. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी फिरून गाडी त्याच स्टेशनात.

वर्कशॉपमध्ये लेथ चालू असताना हेडस्टॉकवर ठेवला तर कंपनानं तो सरकत सरकत कडेला येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पडतो तो दांड्याच्या अंगावर. झाकणातली स्ट्रॉ काही सील करत नाही, त्यामुळं आडवा राहिला की पाणी धार लावून बाहेर. लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी बैठकीवर, पाणी म्हणजे गंज. ज्याला बेड पुसून तेल लावायची सवय आहे त्याला ह्याचं दुःख कळेल. दांडा दोन स्क्रूंनी पट्ट्याला धरलेला आहे आणि ते स्क्रू कंपनानं ढिले होतात. मी थ्रेड लॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, थेंब टाकला, आता ठीक आहे. घरात वापरणाऱ्यांना ही अडचण यायची नाही.

एवढी टीका केली, आता कौतुकाचंही सांगतो, कारण आतलं काम खरोखर चांगलं आहे.

दोन भिंती, मधे हवा काढलेली पोकळी. ही युक्ती जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाची, आणि त्याचंही साल १८९२. म्हणजे माझ्या मशीनवरचा नॉर्टनचा टंबलर आणि माझ्या हातातल्या टंबलरची पोकळी एकाच वर्षातली निघाली. ड्यूअरला अतिथंड द्रवरूप वायू साठवायचे होते, चहा नव्हे. त्याच्या काचेच्या भांड्याला पत्र्याचं कवच घालून जर्मनांनी १९०४ मध्ये ते ‘थर्मोस’ नावानं बाजारात आणलं, आणि आपल्या आज्यांनी त्याचा थर्मास केला. तो पडला की आतली काच खळ्ळकन् फुटायची आणि दिवसभर बोलणी खावी लागायची. स्टीलच्या दुहेरी भिंतीनं ती भीती गेली, हे ह्या नव्या मालाचं मोठं काम.

सकाळी बर्फ घालून पाणी भरलं तर रात्री वर्कशॉप बंद करताना बर्फाचे खडे वाजतात. एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडखाली. ह्याला दाद दिलीच पाहिजे. बाहेरून घाम येत नाही, ड्रॉइंगच्या कागदावर ठेवला तरी कागद ओला होत नाही. चहाचं गणित वेगळं. तोंड रुंद, झाकण प्लॅस्टिकचं एकेरी, त्यात स्ट्रॉचं भोक, सगळी ऊब वरून जाते. ओतला तेव्हा ८४ अंश होता, तीन तासांनी ५६. पिण्यासारखा असतो, पण ‘गरम’ म्हणवत नाही. आणि उकळता चहा स्ट्रॉनं ओढणारा माणूस मला अजून भेटायचाय. फुर्रर्र करून बशीतून पिणाऱ्या गावात ही स्ट्रॉ चालायची नाही.

स्टील ३०४ असल्याचं खोक्यावर छापलंय. म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. लोक चुंबक लावून बघतात आणि चिकटला नाही की खूश होतात. त्यात काही अर्थ नाही. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०२ नंबरचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि बाजारात फसवाफसवी असते ती नेमकी ह्या दोघांत. उलट अस्सल ३०४ सुद्धा जिथं जास्त ओढलंय, दाबलंय, तिथं थोडं चिकटतं. भंगारवाले रसायनाचा थेंब टाकून बॅटरी लावतात, लाल उमटलं की मँगनीजचा माल. मी आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून टंबलरच्या बुडावर ते करून घेतलं. लाल आलं नाही. माल खरा आहे.

दूध कट्ट्यावरही नेला होता. गंगावेशेत संध्याकाळी म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी लिहिलं. तालमीतली पोरं रांगेत होती. मी झाकण काढून मोरपंखी पुढं केला. गवळ्यानं आत डोकावून बघितलं.

“मामा, ह्यात धार मारू व्हय? तळ दिसंना झालाय. किती झालं त्ये कळायचं कसं?”

“दोन ग्लासाचं मार.”

“मग ग्लासनंच मोजून वतू का?”

असं म्हणून त्यानं नेहमीच्या ग्लासात धार काढली, दोनदा, आणि माझ्या टंबलरात ओतली. फेस सगळा ग्लासाला चिकटून राहिला. कट्ट्यावरच्या दुधात पैसे फेसाचेच असतात, तो ओठाला लागला नाही तर पिशवीचं दूध काय वाईट? शिवाय दोन ग्लास दूध सव्वा लिटरच्या भांड्याच्या तळाशीच राहिलं. स्ट्रॉनं ओढलं, ते कोमट दूध थेट घशात, जिभेला चव लागायच्या आत. मागं एक पोरगं म्हणालं, “काका, सलाइन लावल्यागत पिताय.” कट्ट्यावर काही न बोलता सोसायला लागतं असं कधी कधी.

घरी आल्यावर खरा ताप. म्हशीच्या दुधाची चरबी स्ट्रॉच्या आत आणि झाकणाच्या रबरी रिंगेत बसते. बरोबर ब्रश दिलाय, तो स्ट्रॉपुरता ठीक. रिंग काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली तेव्हा वास गेला. रिंग परत बसवताना पीळ पडू देऊ नका, नाहीतर झाकण एका बाजूनं गळतं. ताक, दूध, रस असलं काही घालायचं असेल तर त्याच रात्री उघडून धुवा. पांढरा रस्सा घालून डबा म्हणून नेणारा एक बहाद्दर आमच्या लायनीत आहे, त्याच्या टंबलरला आता आजन्म खोबऱ्या-लसणाचा वास आहे.

माझ्या पितळी कपाला कल्हई करून आणली. बिनकल्हईच्या पितळेत आंबट काही ठेवलं तर कळकतं, हे जुन्या बायकांना ठाऊक, नव्या पोरांना नाही. कल्हईवाला आता शोधावा लागतो. त्यानं कप चिमट्यात धरून भात्यावर तापवला, आत नवसागराची चिमूट टाकली, भसकन् पांढरा धूर, आणि त्या धुरातच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक गिरकी. पिवळं होतं ते बघता बघता रुपेरी. पाण्यात बुडवला, चर्रर्र. त्याला मी विचारलं, बूड गोल आहे, चालेल ना? म्हणाला, “मला कुठं ठेवायचाय?” चांदीचा करावा असंही मनात आलं होतं. चांदीकामाच्या हुपरी गावात करून देतील, पण आजच्या भावात चारशे ग्रॅम चांदी म्हणजे त्यातून चहा पिताना हात कापायचा.

चहा त्यातूनच पितो आता. लेथच्या बेडवर ठेवला की कंपनानं किंचित डोलत राहतो, आणि तिथंच राहतो. शेजारचे पॅटर्नवाले (ओतकामाचे साचे करणारे) काका येऊन बोटानं ढकलून जातात, येणारा प्रत्येकजण ढकलतोच. त्यामुळं मी तो काठोकाठ भरत नाही.

मोरपंखी टंबलर थोरली विद्यापीठात घेऊन जाते. लायब्ररीच्या रुंद टेबलावर तो बरा उभा राहतो म्हणे, आणि तिच्या मैत्रिणींत रंगाचं कौतुक झालंय. एकदा जिन्यावरून गडगडला तेव्हा बुडाला पोचा आला. तेव्हा कंपनीला लिहिलं. उत्तर मशीननं दिल्यासारखं आलं, की वॉरंटी एक वर्षाची आहे, पण पडल्यामुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. टंबलर विकायचा आणि टंबल झाला तर जबाबदारी नाही! थोरलीनं त्यांना ह्या शब्दाचा सगळा इतिहास इंग्रजीत लिहून पाठवला, त्यावर ‘आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे द्याल’ असा मेसेज आला. रबरी रिंग सुटी मागितली तर ती विकत मिळत नाही, आख्खं झाकण घ्यावं लागतं, ४९९ रुपये. हे मात्र चुकीचं आहे. रिंग म्हणजे झिजणारा माल, तो सुटा मिळालाच पाहिजे.

तुमचाही कधी पडला आणि पोचा आला, तर पोकळी शाबूत आहे का ते घरीच बघता येतं. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, पाच मिनिटांनी बाहेरून सगळीकडं हात फिरवा. वर तोंडाशी थोडं कोमट लागणारच, तिथं दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. बाकी अंग गार असेल तर चिंता नाही. मधेच कुठं किंवा सगळीकडं चटका बसला तर हवा शिरली, आता तो नुसता महागडा पेला. आमच्यात पोच्यापाशी गार लागलं, म्हणजे वाचला.

बुडाला घालायचा सिलिकॉनचा बूट वेगळा मिळतो, २४९ रुपयांना. तो घातल्यावर बुडाचा व्यास ७८ होतो, आणि माझ्या फळीवर भरलेला टंबलर १६ अंशांपर्यंत गेला. फरक फार नाही, पण ठेवताना आवाज होत नाही आणि गुळगुळीत फरशीवर सरकत नाही. फक्त बूट घातला की गाडीच्या खोबणीत बसतो का, ते आधी मोजून बघा. खोबण ७५ ची असेल तर बूट काढून ठेवावा लागेल.